टिटवीने सांगितलेला शेवट

एका जंगलात, बाळांनो, एक वाचनालय होतं. हसू नका, खरंच होतं. वडाच्या भल्यामोठ्या ढोलीत होतं आणि कालिंदी नावाची टिटवी तिथली ग्रंथपाल होती.

कालिंदीला वाचनाचं भारी वेड. आलेलं प्रत्येक पुस्तक ती आधी स्वतः वाचायची, मग त्याला कव्हर घालायची. जेवताना वाचायची, अंडी उबवतानाही मोठ्याने वाचायची. तिची पिल्लं गोष्टी ऐकतच बाहेर आली.

पण शेवटी टिटवीच ती. तिच्या पोटात काही राहायचं नाही. कुणी पुस्तक मागितलं की तिचे पंख आनंदाने थरथरायचे आणि ती सांगून टाकायची, "न्या, न्या, फारच छान आहे. शेवटी नवरा परत येतो." वाचक पुस्तक तिथेच ठेवून घरी जायचा. आता वाचायचं काय, कप्पाळ?

असं होता होता वाचनालय ओस पडलं. सिंहमहाराजांनी फर्मान काढलं, की महिनाभरात वाचक आले नाहीत तर ढोलीचा सेल्फी पॉइंट करायचा. माकडं लगेच भिंतीवर गुलाबी बदाम रंगवायला हजर. कालिंदीच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याच गडबडीत रंभाजी अस्वल आलं. त्याला दुपारच्या झोपेसाठी उशी हवी होती, म्हणून त्याने एक जाडजूड रहस्यकथा मागितली. कालिंदीचं चित्त थाऱ्यावर कुठलं? तिने सवयीने सांगितलं, खून स्वयंपाक्याने केला म्हणून. पण तो शेवट दुसऱ्याच पुस्तकाचा होता.

रंभाजीने झाडाखाली सहज पहिलं पान उघडलं, तर तिथे स्वयंपाकीच मरून पडलेला. रंभाजीची झोप उडाली. मग खून केला कोणी? त्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचून काढलं आणि जंगलभर सांगत सुटला, की ग्रंथपालबाईंना ओ की ठो कळत नाही.

झालं. दुसऱ्याची चूक काढायला मिळणार म्हटल्यावर घरी कोण बसतंय? ससे आले, तरस आले, मगरीण ओल्या अंगाने आली. कालिंदीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिने साळसूद चेहऱ्याने प्रत्येकाला खोटा शेवट सांगायचा सपाटा लावला. प्रेमकथेतल्या नायिकेला साप चावतो म्हणाली. प्रवासवर्णनातली होडी बुडवली. लाडवांच्या पुस्तकातसुद्धा शेवटी पाक बिघडतो म्हणाली. जो तो पुस्तक नेई आणि तिला खोटं पाडायला शेवटच्या पानापर्यंत वाचत बसे. रांग पार ओढ्यापर्यंत गेली.

कालिंदीचं नाव मात्र मातीत गेलं. बाईंनी जन्मात पुस्तक उघडलेलं नाही, असं जो तो म्हणू लागला. जिने सगळी ढोली वाचून काढली होती तिला हे ऐकावं लागलं. फार लागलं हो तिला.

बोभाटा ऐकून सिंहमहाराज स्वतः आले. रांगेतले सगळे कान टवकारून उभे राहिले. महाराजांनी विचारलं, "खरं सांग, यातली पुस्तकं तू वाचली आहेस?"

हो म्हटलं तर गुपित फुटणार. मग तिला खोटं पाडायला कोण येणार, आणि वाचणार तरी कोण? तिने एकदा कपाटांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नाही महाराज. एकही नाही."

महाराजांना गहिवरून आलं. ते म्हणाले, "मीसुद्धा नाही."

आपल्यासारखं कुणीतरी भेटलं म्हणून त्यांनी कालिंदीला तिथल्या तिथे शिक्षणमंत्री करून टाकलं. सेल्फी पॉइंट रद्द झाला आणि वाचनालयही तिच्याचकडे राहिलं. आता ती हार घालून घेते, फिती कापते आणि दरबारात तासन्‌तास फाइलीत डोकं खुपसून बसते. बाई किती काम करतात, असं महाराज कौतुकाने सांगतात. फाइलीच्या आत कादंबरी असते.

तात्पर्य: बाळांनो, भरपूर वाचा. फक्त कुणाला कळू देऊ नका, नाहीतर मोठेपणी मंत्री व्हायची पंचाईत होईल.