आण्णांची सहाची गाडी

आण्णा कांबळे पोच घेतल्याशिवाय कुणाला काही देत नसत. सरकारी कचेरीत अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्यायचा, हे सगळेच करतात. पण या गृहस्थांनी लेकीच्या लग्नाची पत्रिका माझ्या हातात ठेवली आणि लगेच वही पुढे केली.

"बाई, हितं सही करा."

"अहो, मी काय कलेक्टर आहे?"

"तसं न्हाय. उद्या म्हणशीला, आमाला बोलावलंच न्हाय."

शाहूपुरीत माझं टायपिंगचं दुकान होतं. माडीवर कारखानदारांच्या संघटनेचं ऑफिस, आणि आण्णा तिथले शिपाई. नावाला शिपाई, पण मुंबईच्या सगळ्या वाटा त्यांनाच ठाऊक. कुठली फाईल कुठल्या टेबलावर अडते, कुठल्या साहेबाला जेवणाआधी गाठायचं नाही, सगळं तोंडपाठ. मालक मंडळी मंत्र्याच्या दाराबाहेर ताटकळत असायची आणि आण्णा आत पीएच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करत असायचे. वीजदराची सवलत अशीच एका हेलपाट्यात आली. पेढे आण्णांनी वाटले, आणि पेढ्यांचीही पोच घेतली.

"सरकारला कान हाय, बाई," ते म्हणायचे, "पर लई उंचावर. शिडी ज्याच्याकडं, त्याचंच ऐकू जातंय."

त्यांचं गाव गारगोटीच्या पुढे. तिथून त्यांची एकुलती लेक करुणा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पॅकिंगच्या कामाला लागली. कामाची वेळ आठची आणि गावातून पहिली एसटी साडेसातला! पोरगी अंधारात फाट्यापर्यंत चालायची, वडापच्या, माणसं कोंबून नेणाऱ्या खासगी जीपला लोंबकळत जायची, आणि तरी उशीर व्हायचा. मग फाटकातूनच माघारी.

म्हणून आण्णांनी सकाळी सहाची गाडी मागितली. निवेदन मीच टाइप केलं, 'आमच्या मुलींची गैरसोय दूर व्हावी.' डेपो, कलेक्टर, पालकमंत्री, सगळीकडची पोच आली. गाडी काही आली नाही. दोन वर्षं गेली. संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, "आण्णा, एसटी हा आपला विषय नव्हे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. यांच्यासाठी या माणसाने मंत्रालयाचे जिने झिजवले होते!

आण्णा चिडले नाहीत. एके दिवशी येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, 'मुली' काढा. 'मनुष्यबळ' घाला. 'गैरसोय' काढा. 'उत्पादनाची हानी' घाला."

तोच मजकूर संघटनेच्या निवेदनात, मालकांच्या दहा मागण्यांखाली अकरावी मागणी म्हणून गेला. अध्यक्षांनी वाचला, मान डोलावली, सही केली. तीन महिन्यांत गाडी मंजूर झाली.

पण गाडीच्या आधीच कंपनीने करुणाचे खाडे मोजून तिला घरी बसवलं होतं. ती पुन्हा काही कामावर गेली नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी सही करून घेतलेली पत्रिका ती हीच.

पुढे आण्णा निवृत्त होऊन गावी गेले. काही वर्षांनी मी एका नातेवाइकाकडे गारगोटीला राहिले होते, परतताना पहाटे तीच सहाची गाडी मिळाली. आत चार पोरी, आणि खिडकीशी आण्णा.

"आण्णा, कुठं निघालात?"

"कुठं न्हाय. कागलात उतरायचं, च्या प्यायचा, माघारी यायचं."

"रोज?"

"रोजच की. मानसं कमी दिसली तर डेपोवाला गाडी बंद करंल. तेवढंच एक तिकीट वाढतंय."

तिकीट त्यांनी जपून वहीत ठेवलं. वही तिकिटांनी फुगली होती.

"करुणाला माहीत आहे हे?"

आण्णांनी वही मिटली. "तिला काय सांगू, बाई? तुझी गाडी आली, म्हणून?"

तेवढ्यात गाडी सुटली आणि मागून एक पोरगी डबा सावरत पळत येताना दिसली. आण्णा ताडकन उठले आणि कंडक्टरवर ओरडले, "थांबवा की वो! पोरगी येतीया, दिसत न्हाय व्हय?"

ती चढून, बसून, तिची धाप ओसरेपर्यंत ते उभेच होते.