पूनमसिंग कूलरवाले यांची पुनर्रचना

कोणतीही संस्था बुडते ती सल्ल्याअभावी, असं सल्लागारांचं ठाम मत आहे. (बुडालेल्या संस्थांना अजून कोणी विचारलेलं नाही.) म्हणूनच बुडत्या कंपन्यांना सावरण्याचा सल्ला देणारी एक कंपनी पुण्यात निघाली आणि तिने आर्णीच्या साधना राठोडला नोकरी दिली.

पुण्याला निघण्याआधीचा रविवार. साधनाचे वडील पूनमसिंग मेन रोडवरच्या आपल्या दुकानात एका कूलरला नवं गवत बसवत होते.

"म्हंजे कंपनी मरायले टेकली का तुले बलावते?"

"हो, बा."

"अन् मेली तं?"

"तरी फी भेटते."

"मंग धंदा चांगला हाय," जाळी ठोकत ते म्हणाले. "डॉक्टरले तं लोकं मारते."

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर करता करता ते खाली बसले, आणि गेले.

पुण्याच्या कंपनीने दुःख व्यक्त करून प्रशिक्षण पुढे ढकललं. प्रत्यक्षात ते लगेच सुरू झालं, तेही घरच्या सतरंजीवर आणि फुकट. सांत्वनाला येणारी मंडळी आणि पुनर्रचना सल्लागार यांची कार्यपद्धती एकच असते, हे साधनाला पहिल्याच दिवशी कळलं. न बोलावता यायचं. झालं काय, ते घरच्यांकडूनच वदवून घ्यायचं. तेच त्यांना जरा गंभीर आवाजात परत सांगायचं. मग उपाय सुचवून, चहा घेऊन निघायचं. (चहा शेजारून येत असे. उत्तम सल्लागार खर्च तिसऱ्यावर टाकतो.)

आलेल्यांपैकी शंभर टक्के लोक "आमचं आयकलं असतं तं" असं म्हणाले. त्यांनी पूनमसिंगांना नेमकं काय सांगितलं होतं, ते मात्र एकालाही आठवेना.

टायरवाले जहीरभाई यांचं निदान असं, की कूलरचा धंदा चार महिने. उरलेले आठ महिने दुकानात नुसती बैठक. (त्या बैठकीत आठही महिने जहीरभाई असत.) शेजारच्या विमलताईंनी साधनाच्या आईला, मानीबाईंना, पुण्याला हलवायचं ठरवून टाकलं. मानीबाई समोरच बसल्या होत्या. पण हलवायच्या मालमत्तेला विचारण्याची पद्धत नाही. मारेगावच्या आत्याने साधनाचं लग्न वर्षाच्या आत उरकायला सांगितलं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं म्हणे. व्यवसायात याला कालबद्ध विलीनीकरण म्हणतात.

साधना सगळ्यांना "हो", "बघू" म्हणत राहिली. ती रडली नाही. "पोरगी लय खंबीर हाय," असा निष्कर्ष निघाला आणि तिच्यासमोर बोलण्यातला मंडळींचा उरलासुरला संकोचही गेला.

शेवटी इंद्रजीतकाकांनी दुकानासाठी भाडेकरूच शोधून आणला. मोबाइलवाला होता.

"तेरवीच्या आंधी हो म्हन, पोरी. नाही तं तो दुसरी जागा पायते. बंद शटर गंजते."

"सोन्यासारखी जागा हाय," जहीरभाई म्हणाले.

"तिले काय कळते त्यातलं?" आत्या म्हणाली.

"काहून? त्याचंच तं शिक्षण घेतलं तिनं," विमलताई म्हणाल्या, आणि सगळ्यांनी साधनाकडे पाहिलं.

ग्राहकाला काय हवंय ते सर्वांत आधी विचारावं, असं पुण्याच्या कंपनीच्या माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर छापलं होतं. पुस्तिका चुकीची नसावी. ती आर्णीपर्यंत पोचली नव्हती, एवढंच.

वाचकहो, तुमच्याजवळही एव्हाना एक उपाय तयार झालाय. दुकान कसं चालवावं, आईला कुठे ठेवावं, नोकरी धरावी की सोडावी. तुमचा तर इतरांपेक्षा बराही असेल. या, सतरंजीवर जहीरभाईंच्या शेजारी जागा आहे. चहा सांगितलाय. फक्त ही मुलगी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच "हो", "बघू" सोडून काही बोलते आहे, तेवढं होऊ द्या.

"शटर कोणाले द्यायचं नाही, काका," साधना म्हणाली. "अन् मले आता काही सुचवू नका. मले बा पायजे."