कृतीची खिडकी

"त्या दिवशी मला नेमकं उत्तर सुचलंच नाही हो," रांगेत पुढे उभी असलेली बाई स्वतःच्या पर्सशी पुटपुटली. तिच्या मागे, धाकट्या बहिणीला उत्तर द्यायला आलेल्या थोरलीने समजुतीने मान डोलावली. भूतकाळ दुरुस्ती कार्यालयासमोरची अख्खी रांग उशिरा सुचलेल्या उत्तरांचीच होती.

कार्यालयाचे नियम अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्यांच्या समितीने केले होते, कारण कालप्रवासाचा अनुभव फक्त त्यांनाच होता. नियम पहिला : स्वतःच्या आजोबांना मारू नये. आजोबांना मारायला आजवर कुणी आलं नव्हतं. लोक यायचे, तुम्हीही कदाचित आला असाल, ते नणंदेला, जावयाला नाहीतर साहेबांना गप्प करायला.

"बदल शब्दांत की कृतीत?" कारकुनाने विचारलं.

"शब्दांत."

"बरं झालं. कृतीची खिडकी बंद असते. कुणी येतच नाही."

थोरली आईच्या स्वयंपाकघरात उतरली. आईला कुणी ठेवून घ्यायचं, यावरून दोघी बहिणींचं भांडण झालं तो दिवस. आई भरलेली पिशवी पायाशी घेऊन स्टुलावर बसली होती. थोरलीने धाकटीला असं काही सुनावलं की तिची वाचाच बसली. थोरली तृप्त होऊन परतली. आई मात्र वृद्धाश्रमातच राहिली. तो विषय अर्जात नव्हता.

दुसऱ्याच दिवशी थोरलीला त्या भांडणात आपणच हरल्याचं आठवू लागलं. धाकटीही कार्यालयात जाऊन आली होती.

थोरलीने पुन्हा रांग धरली. "माझी आधीची फेरी रद्द करा. नवं उत्तर आणलंय."

"रद्द कशी होईल, बाई? ती रद्द झाली तर तुमची बहीण उलट उत्तर द्यायला गेलीच नसती. ती गेली नसती, तर तुम्ही आज इथे कशाला आला असता? आधीच्या तुम्ही तिथेच असाल. जरा सरकून घ्या."

यथावकाश त्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. ओट्याला टेकून थोरल्या, फ्रिजला टेकून धाकट्या.

"ताई, तुझ्याकडे पाहुण्यांची खोली रिकामीच असते."

"ती पाहुण्यांसाठी आहे."

"हे आधीच्या ताईचं बोलून झालंय," मागून एक धाकटी कंटाळून म्हणाली.

आई इतका वेळ एकेकीच्या तोंडाकडे बघत होती. तिने पिशवीचे बंद सारखे केले.

"इतक्याजणी परत आलात गं," ती म्हणाली. सगळ्या थोरल्यांनी तोंड उघडलं. उत्तरं तयारच होती. "मला घरी न्यायला मात्र एकही आली नाही."