अक्षय्य सर्व्हर बहिरा राहिला त्याची हकीकत

श्री क्षीरसागरशायी समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीया, भृगुवासर. ते दिवशी दुधाचे राज्यात जो गोंधळ जाहला तो डोळ्यांनी पाहिला तैसा लिहिला असे. लिहिणाराचे नाव पुसू नये. तो अद्याप तेथेच चाकरीस आहे आणि त्यास पुढेही चाकरी करणे आहे.

राज्य तालेवार. गावोगावी दुधाची केंद्रे, आणि केंद्रांचे दूध राजधानीस शीतगृहाचे नाक्यावर येई, आणि नाक्यावरील यंत्र दूध तपासून आत दरबारच्या सर्व्हरास पुसे की घ्यावे की न घ्यावे, आणि सर्व्हर आपल्या पोटातील डेटाबेसात नोंद करून होय म्हणे, मग झडप उघडे आणि दूध थंडाव्यास जाई. जुना सर्व्हर थकला होता, उत्तर देई पण कण्हत देई, म्हणोन कारभारी रंगराव यांनी नवा आणविला, आणि अक्षय्य तृतीयेस आरंभिलेले काम क्षय पावत नाही ऐसे मनात धरून तोच मुहूर्त नेमिला. राजेसाहेब जातीने आले, त्यांनी कळ दाबिली, सर्व्हरास झेंडूचा हार जाहला, कुंकू लागले, शेजारी समई पेटली, आणि जुन्या सर्व्हरास शाल-श्रीफळ देऊन, तारा तोडून, कोठडीत घातले. झडपेस हाताने फिरवावयाचे एक चाक होते, तेही आता कशास हवे म्हणोन भंगारात दिले. मग रंगराव सभेत उभे राहून बोलिले, "ही कळ राजेसाहेबांच्या हातची आहे. सव्वा वर्ष हे यंत्र क्षणभरही थांबणार नाही, हा माझा शब्द." टाळ्या जाहल्या आणि राजेसाहेब आमरस-पुरीस गेले. मज तेव्हाच मनात आले, की अजून एका थेंबाची नोंद नाही आणि शब्द सव्वा वर्षाचा दिधला. परंतु मज कोण पुसतो.

इतक्यात माळावरच्या बायकांच्या केंद्राचा टेम्पो नाक्यावर आला. हे केंद्र नवे, बायकांनीच उभे केलेले, आणि हे त्यांचे पहिलेच दूध. बाकीच्यांचे गार टँकर, ते सावकाश उभे राहू शकत. यांचे साधे कॅन, वर ओली पोती टाकिलेली. केंद्राच्या प्रमुख तुळसाक्का स्वतः टेम्पोत बसून आल्या होत्या, कारण दरबारचा कायदा ऐसा की नव्या केंद्राचे पहिले दूध केंद्राच्या दोषाने नासले तर सनद रद्द. नाक्यावरील यंत्राने दूध तपासिले, उत्तम निघाले, मग सर्व्हरास पुसिले, आणि सर्व्हर गप्प. पुन्हा पुसिले, पुन्हा गप्प. होय नाही आणि नाहीही नाही. ऊन डोक्यावर चढले, पोती सुकू लागली, आणि तुळसाक्का टेम्पोभोवती फिरू लागल्या.

यंत्रशाळेच्या मुख्य कालिंदीबाई यांस पाचारण जाहले. त्यांनी प्रथम सर्व्हरच्या दालनात जाऊन तेथूनच प्रश्न पुसिला, तो सर्व्हराने तात्काळ उत्तर दिधले. मग नाक्यावर येऊन पुसिला, तो चिडीचूप. तेव्हा बाई बोलिल्या, "यंत्र जिवंत आहे. आपला निरोप वाटेतच कोणीतरी गिळतंय." वाटेवर फायरवॉल नामे तट, आणि त्या तटाचा नाकेदार दादू. त्यास पुसिले तर दादू कपाळास आठी घालून बोलिला, "बाई, जुन्याचा दरवाजा वेगळा होता, नव्याचा वेगळा. नव्यासाठी मला कोणी सांगितलंय का? न सांगता मी दार उघडत नसतो." तो खोटे बोलत नव्हता, हार किती फुलांचा असावा याचा हुकूम निघाला होता, दरवाजाचा निघाला नव्हता. मग दादूने तो एक दरवाजा उघडिला, आणि नाक्यावरून निरोप गेला, आणि या वेळी उत्तर झटकन आले की नकार, दुधास नव्हे, निरोप घेण्यासच. कालिंदीबाई यांनी टाळी वाजविली.

रंगराव संतापले. "नकार आला, आणि तुम्हांला आनंद होतोय?"

"होतोय तर. आधी निरोप वाटेतच नाहीसा होत होता. आता दारापर्यंत पोचतोय, फक्त बाहेरचं ऐकायला आत कोणी बसलेलं नाही."

परंतु रंगरावांचा धीर सुटला होता, आणि बाई आत वळल्या न वळल्या तोच त्यांनी दादूस हुकूम केला की तटाचे सगळेच दरवाजे सताड उघड. दादूने उघडिले, आणि कोठकोठले परमुलखीचे उपटसुंभ क्षणात दारे ठोठावू लागले, कोणी खोटे नाव सांगे, कोणी किल्ली लावून पाही, आणि पहाऱ्याच्या पडद्यावर लाल अक्षरांची रांग लागली. कालिंदीबाई धावत आल्या, "बंद करा आधी! रोग कानाचा आणि तुम्ही पोट फाडताय!" ऐसे ओरडिल्या, आणि त्या एका दरवाजाखेरीज सर्व बंद करविले. यातही वेळ गेला. दुधास यातले काय ठाऊक, ते आपले तापतच होते.

मग बाईंनी सर्व्हरास दिलेले हुकूम उलगडून पाहिले, तो त्यात लिहिलेले की आपल्याच घरातले बोलणे ऐकावे, बाहेरच्याचे ऐकू नये. नवे यंत्र पाठविणारे सावधगिरीने ऐसेच पाठवितात, आणि मांडणाऱ्याने ते बदलावे लागते; परंतु मांडणारे सर्व त्या सकाळी मांडव घालण्यात गुंतले होते. बाईंनी हुकूम बदलिला, नाक्याचे ऐकावे ऐसे लिहिले, आणि पुन्हा पुसिले, तो पुन्हा नकार. तेव्हा त्या रंगरावांस बोलिल्या, "कारभारी, हा हुकूम सर्व्हर उठतानाच वाचतो. मधेच बदलला तर त्याला पत्ता नसतो. एकदा बंद करून चालू करू द्या. मिनिटभराचं काम आहे."

रंगरावांचा चेहरा पडला. अक्षय्य तृतीयेची कळ, राजेसाहेबांच्या हातची, सव्वा वर्षाचा शब्द, आणि पहिल्याच दिवशी ती बंद करावी? ते बोलिले, "दुसरा काही मार्ग?" बाई बोलिल्या, "नाही." ते बोलिले, "अर्धवट बंद करता येतं का?" बाई बोलिल्या, "नाही." ते बोलिले, "नुसतं हळूच, कोणाला न कळता?" बाई यांनी हात जोडिले. मग रंगरावांनी परवानगीस्तव राजेसाहेबांकडे जासूद धाडिला, आणि जासूद परत आला की राजेसाहेब आमरस जेवून निजले आहेत आणि उठविण्याची कोणाची छाती नाही. मग दुसरा धाडिला, तोही तेच घेऊन आला. रंगराव दालनात येरझारा घालू लागले, समईतले तेल पाहिले, हार सारखा केला, पुन्हा येरझारा. मज ऐसा राग आला की हार ओढून काढावा. परंतु मीही उभाच राहिलो, जैसे सगळे राहिले.

तेव्हा तुळसाक्का पहारेकऱ्यास बाजूस सारून आत आल्या. एका हाती कॅनचे झाकण, त्याचे आतून दुधाचे थेंब. त्या बोलिल्या, "आवं कारभारी, किती येळ झाला आमी हुबं हाय! धारा काढल्या तवा उजाडलंबी नव्हतं. बायकांनी पोरंबाळं टाकून दूध घातलंय, आन् तुमी हितं हार नीट करताय?"

रंगराव बोलिले, "अक्का, मुहूर्ताचं यंत्र आहे. असं बंद करता येत नाही."

"माज्या घरात देवाम्होरं नंदादीप हाय. वात जळाली की दिवा इझवून नवी वात लावतो आमी, देव काय घर सोडून जात न्हाई. ह्ये हुंगा." ऐसे म्हणोन झाकण त्यांचे नाकाशी धरिले. वास लागू लागला होता. रंगराव मागे सरले, डोळे मिटले, आणि बोलिले, "करा."

बाईंनी सर्व्हर बंद केला आणि चालू केला. आभाळ कोसळिले नाही. नाक्यावरील यंत्राने पुसिले, सर्व्हराने ऐकिले, आणि दरबारात हर्ष जाहला, दादूने टोपी उडविली. आणि मग यंत्राने दूध पुन्हा तपासिले आणि नव्या सर्व्हराचे पोटात पहिली नोंद पडली, ती ऐसी: दूध नासले. टोपी खाली आली. तुळसाक्का झाकण मांडीवर घेऊन खाली बसल्या.

नोंदीपुढे सर्व्हर कारण मागत होता. रंगराव हळू बोलिले, "केंद्राचा दोष, असं टाका. मुहूर्ताची पहिली नोंद आहे, तिच्यात दरबारचं नाव बरं दिसत नाही. अक्कांना मी मागाहून सांभाळून घेईन." तुळसाक्का बसल्या जागेवरूनच बोलिल्या, "सांभाळू नगा. खरं त्येच लिवा." कालिंदीबाई यांनी कोणाकडेही पाहिले नाही. त्यांनी लिहिले की दूध वेळेवर आले व उत्तम होते. कारभारी रंगराव यांनी मुहूर्तापायी यंत्र वेळेत थांबवू दिले नाही, म्हणून नासले. आणि रंगरावांचा हात पुढे येईतो कळ दाबिली. पहिल्या नोंदीचा मान म्हणोन ती सर्व केंद्रांच्या पडद्यावर आपोआप झळकावी, ऐसा हुकूम रंगरावांनीच सकाळी दिधला होता. तो सर्व्हराने उठताना नीट वाचिला होता. ते वाक्य त्याच क्षणी राज्यातील एकूण एक केंद्रात पोचले, आणि मध्ये कोठे काडीचा अडथळा आला नाही.

येणेप्रमाणे माळावरच्या केंद्राची सनद राहिली, बायकांची सकाळ मात्र ओढ्यात ओतिली गेली. समई शेवटपर्यंत तेवत होती. तिच्यात तेल घालावयास मनुष्य नेमिला होता, दुधाकडे पाहावयास नेमिला नव्हता.