देवरेंची बिऱ्हाडं

आमच्या ऑफिसातल्या देवरेंचं दार वाजवलं की आतून "या" कधीच येत नाही. येतात तीन प्रश्न: "कोण? कुठून? कशाला?" रोज चारला मी ओरडायची, "मी, शेजारच्या खोलीतून, चहाला!" तेव्हा कुठे प्रवेश मिळायचा.

देवरे मूळचे सटाण्याचे. एकाच सर्व्हरवर चाळीसेक गिऱ्हाइकांच्या वेबसाइट राहतात, त्या ते सांभाळतात. त्यांच्या भाषेत ती बिऱ्हाडं. घर एक, पण प्रत्येकाचं दार वेगळं, किल्ली वेगळी, आलं-गेलं कोण याची वही वेगळी. दिंडोरीचा द्राक्षवाला, त्र्यंबकचा लॉजवाला, सगळे गुण्यागोविंदानं नांदतात. एकदा साहेबांनी सगळ्या किल्ल्या मागितल्या, तर म्हणाले, "मालक झालात म्हणून भाडेकरूच्या स्वयंपाकघरात शिरणार का?"

त्यातलं एक बिऱ्हाड सुमनवहिनींचं, देवरेंच्या बायकोचं. वहिनी अहिराणी शब्द जमवून तिथे लिहायच्या. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. आणि परवा साहेबांचा हुकूम निघाला: महिनाभरात ज्या साइटवर कोणी फिरकणार नाही, ती बंद. वहिनींच्या साइटवर तर कोणीच येत नव्हतं.

मग मी रोज सकाळी गुपचूप मोबाईलवर वहिनींची साइट उघडू लागले. आठव्या दिवशी देवरे समोर हजर.

"मॅडम, आठ खेपा घातल्यात, आणि आठही वेळा उंबऱ्यावरूनच परत! आत 'आंडेर' म्हणजे लेक असं लिहिलंय, तेवढं तरी वाचायचं. घरच्या माणसाच्या खेपा मी धरणार नाही."

"अहो, मग साहेबांशी बोला ना!"

"स्वतःच्या घराला सूट दिली, तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू?"

"तुम्ही तरी उघडून बघता का कधी?"

"छे. मी गेलो तर वहीत उमटणार." ते चष्मा पुसत बसले. "मग सकाळी वही बघताना वाटेल, कोणीतरी आलं होतं."

महिना संपला. देवरेंनी स्वतःच्या हातानं साइट बंद केली आणि वही माझ्याकडे ठेवायला पाठवली. शेवटच्या दुपारी एकच माणूस आला होता, देवरेंच्याच कॉम्प्युटरवरून. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकही न गाळता, तीन तास. कोण आणि कुठून, ते वहीत होतं. कशाला, याचा रकाना तिथे नसतो. मला रडूच फुटलं.

चारला डोळे पुसले आणि त्यांचं दार वाजवलं. उत्तर तोंडावर तयार होतं.

प्रश्न आलाच नाही. देवरे आतून म्हणाले, "या."