लॉवेलकडून नकार आणायचा होता

आर्लेन टँगेन दाराशी बसून बूट चढवत होता आणि त्याची बायको मार्लिस कमरेवर हात ठेवून समोर उभी होती. बाहेर फेब्रुवारी. तळं असं गोठलेलं की वरून ट्रक न्यावा. त्या तळ्याच्या मधोमध, आपल्या लाकडी टपरीत, बर्फाला भोक पाडून आणि गळ टाकून मार्लिसचा भाऊ लॉवेल बसला होता. आर्लेनला त्याच्याकडेच जायचं होतं.

“किती वेळा विचारायचं?” मार्लिसने विचारलं.

“एकदा.”

“तो काय म्हणेल?”

“नको म्हणेल.”

“मग?”

“मग मी बरं म्हणून निघेन.”

“बसू नकोस तिथं. बसलास की मेलास. गेल्या वर्षी बसला होतास.”

“गेल्या वर्षी गुडघा दुखत होता.”

“गेल्या वर्षी तू तीनदा विचारून आलास, आर्लेन. त्याच्या आदल्या वर्षी पण.”

आर्लेन गावच्या बेसबॉल टीमचा मॅनेजर होता, आणि प्रश्न होता तो टीमचा शेवटचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, कोण, हा. हा गडी आठ डाव बाकावर बसून सूर्यफुलाच्या बिया चघळतो. नवव्या आणि शेवटच्या डावात आपली टीम पुढे असली की उठतो, चेंडू हातात घेतो आणि आहे ती आघाडी राखतो. म्हणजे दुसऱ्यांनी रांधलेलं फक्त टेबलापर्यंत न्यायचं. लॉवेल ते दरवर्षी दारातच सांडायचा.

गेल्या ऑगस्टमध्ये तर कमाल झाली. विभागाची शेवटची मॅच. जिंकली की लिंडस्टाड गाव पहिल्यांदाच राज्याच्या स्पर्धेला जाणार. टीम चांगली पुढे होती. लॉवेल आला आणि त्याने चेंडू इतके बाहेर टाकले की समोरच्या फलंदाजांना बॅट हलवायची गरजच पडली नाही. बाहेरचे चार चेंडू सोडले की फुकट पहिल्या बेसवर जाता येतं. ते गेले. एकामागून एक गेले, बागेत फिरायला निघाल्यासारखे, आणि पुढचे मागच्यांच्या रेट्यानं एकेक बेस ओलांडत, चालत चालत शेवटच्या घरी, म्हणजे धाव मोजतात तिथं, पोचले. धाव कोणी धावलंच नाही. मॅच गेली.

मॅचनंतर गावातला प्रत्येक माणूस लॉवेलच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “वारा होता जरा.” त्या दिवशी झाडाचं पान हललं नव्हतं.

लिंडस्टाडमध्ये तोंडावर कोणी कुणाला काही बोलत नाही. विचारलं की आधी नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं तरी नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मात्र हो म्हणायचं, मग घास घशाशी आलेला का असेना, कारण तिसऱ्यांदा नाकारणं म्हणजे समोरच्याचा अपमान. आणि ज्याला खरंच द्यायचं नसतं तो तिसऱ्यांदा विचारत नाही. एवढं सरळ गणित. मार्लिसने त्याचंच हत्यार केलं होतं. लॉवेलला एकदा विचारायचं, त्यानं रीतीनं नको म्हणायचं, आणि आर्लेनने ते खरं धरून पळ काढायचा. नीच डाव होता, पण आर्लेनला मरायच्या आधी एकदा टीम राज्याच्या स्पर्धेला न्यायची होती.

टपरीत शिरल्याबरोबर लॉवेलने एक बादली पालथी घातली. “बस.”

“नको, निघतोच.”

“बस रे.”

“नको नको.”

“अरे बस की.”

आर्लेन बसला. करणार काय? कॉफीचंही तसंच झालं. तो कप हातात धरून भोकातल्या काळ्या पाण्याकडे बघत बसला. मासे काही येत नव्हते.

“वाईट नाही थंडी,” लॉवेल म्हणाला.

“वाईट नाही.” आर्लेनने घसा साफ केला. “तर, यंदाचं. शेवटचा पिचर. तू आहेसच म्हणा.”

“नको रे. आता एखादा तरुण पोरगा बघ.”

आला. नकार आला. आता फक्त बरं म्हणायचं आणि उठायचं. आर्लेनने तोंड उघडलं, आणि आयुष्यभर जे शब्द त्या तोंडातून आपोआप येत होते तेच बाहेर पडले. “असं कसं म्हणतोस? तुझ्याशिवाय कोण आहे?”

“नाही, खरंच. खांदा पहिल्यासारखा नाही.”

आर्लेनने कपाचा कान घट्ट धरला. अजून वेळ गेलेली नव्हती. गप्प राहिलं तरी काम होणार होतं. पण लॉवेल त्याच्याकडे बघत होता, टपरीत दुसरा आवाज नव्हता, आणि ती शांतता इतकी उर्मट वाटायला लागली की आर्लेनला राहवेना.

“खांद्याला काय झालंय? तूच टाकायचं बाबा.”

लॉवेलने लांब श्वास सोडला. “बरं. एवढं म्हणतोयस तर.”

आर्लेन घरी आला तेव्हा मार्लिस फोनपाशी खुर्चीवर बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र पाहिल्यासारखा भाव होता.

“मी एफ्राईनला विचारून टाकलं,” ती म्हणाली. “तुझं काम झालंच असेल म्हणून. आणि त्यानं हो म्हटलं.”

“तिसऱ्यांदा?”

“पहिल्यांदा. मी वाक्य पुरं पण केलं नव्हतं.”

एफ्राईन सरागोसा टर्की कापायच्या कारखान्यात कामाला होता. टेक्सासहून घरच्यांबरोबर नुकताच आलेला. पोरगा इतक्या जोरात फेकायचा की चेंडू झेलणारा आपल्या ग्लव्हमध्ये भांडी घासायचा स्पंज घालून बसायचा. त्याला हवं होतं म्हणून त्यानं हो म्हटलं. लिंडस्टाडमध्ये असला प्रकार कोणी पाहिला नव्हता.

“त्याच्या आईनं फोन घेतला,” मार्लिस म्हणाली. “रडत होती आनंदानं. टीमच्या जेवणाला तामालेस करून आणते म्हणाली, मक्याच्या पिठात सारण भरून वाफवतात ते. तुझं काय झालं?”

आर्लेन बूट काढत बसला. एकच बूट बराच वेळ काढत बसला.

“बसला होतास ना,” मार्लिस म्हणाली.

“बादलीवर.”

“लॉवेल माझा भाऊ आहे, त्याला मी लहानपणापासून ओळखते, म्हणून सांगते. तुमच्या दोघांत गाढव तूच आहेस.”

आता टीमला शेवटचे पिचर दोन झाले. सरळ माणसानं एकाला फोन केला असता. आर्लेनने आडून सुचवायचं ठरवलं. पेट्रोल पंपावर लॉवेल भेटला तेव्हा तो म्हणाला, “तो एफ्राईन पण वाईट टाकत नाही म्हणे.” लिंडस्टाडमध्ये एवढं म्हणजे खूपच झालं. लॉवेलने थोडा विचार केला आणि मान हलवली.

“कळलं मला,” तो म्हणाला.

आर्लेनच्या जिवात जीव आला.

“त्याला तयार करायला हवं. मी शिकवतो त्याला,” लॉवेल म्हणाला आणि पेट्रोलची नळी जागेवर ठेवून गेला.

त्यानं खरंच शिकवायला घेतलं. त्याच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये दोघं रोज दुपारी चेंडू फेकायला लागले. लॉवेलला वाटत होतं, आपण सातव्या-आठव्या डावासाठी मदतनीस तयार करतोय. एफ्राईनला वाटत होतं, जुना माणूस मोठ्या मनानं आपली जागा आपल्याला देतोय. दोघांचं इतकं जमलं की लॉवेलच्या बायकोनं त्या पोरासाठी मोजे विणले. एफ्राईन आर्लेनला किराणा दुकानात भेटला आणि म्हणाला, “मिस्टर लॉवेलसारखा माणूस बघितला नाही. स्वतःचा खांदा दुखतो तरी मला शिकवतात. खांद्याला बर्फ बांधून उभे असतात.”

“हो का,” आर्लेन म्हणाला आणि नको असलेली कोबी घेऊन घरी आला.

मार्चमध्ये चर्चच्या तळघरात टीमचं जेवण झालं. लांब टेबलं, घडीच्या खुर्च्या, सात-आठ घरची हॉटडिश, म्हणजे एकाच भांड्यात भाजलेलं मांस, बटाटे आणि चीज, आणि मधोमध एफ्राईनच्या आईच्या तामालेसचं भलंमोठं पातेलं. लोक एकेक तामाल घेऊन “वेगळंच आहे” म्हणत होते. लिंडस्टाडमध्ये हे कौतुक नसतं. पण मग तेच लोक परत परत उठून पातेल्याकडे जात होते आणि एकमेकांची नजर चुकवत होते.

जेवणं झाली आणि आर्लेन यंदाची टीम सांगायला उभा राहिला. त्याने स्वयंपाक करणाऱ्यांचे आभार मानले. मग चर्चचे. मग चर्च उबदार ठेवणारी भट्टी दुरुस्त करणाऱ्याचे. मार्लिसने टेबलाखालून त्याच्या पोटरीवर लाथ घातली.

“तर शेवटचा पिचर,” आर्लेन म्हणाला. “यंदाही शेवटचा पिचर... आहे. तो सगळ्यांना माहीतच आहे. त्याने जरा उभं राहावं.”

दोन खुर्च्या सरकल्या. एका टोकाला लॉवेल उभा राहिला, दुसऱ्या टोकाला एफ्राईन. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली, मग दुसरा बसेल म्हणून दोघंही उभेच राहिले आणि मग दोघांच्याही लक्षात आलं.  कुणीतरी हॉटडिशवर झाकण ठेवलं.

दोघंही लिंडस्टाडची माणसं असती तर मुकाट बसली असती आणि पुढची तीस वर्षं एकमेकांशी हवामानाबद्दल बोलली असती. पण एफ्राईन तिथला नव्हता.

“मिस्टर लॉवेल,” त्याने सरळ विचारलं, “तुम्हाला टाकायचंय का शेवटचा डाव?”

लॉवेलने इकडेतिकडे पाहिलं. असा प्रश्न त्याला जन्मात कोणी केला नव्हता.

“नाही,” तो म्हणाला.

एका म्हातारीने पर्स छातीशी धरली.

“नाही,” लॉवेल परत म्हणाला. बहुतेक त्याला तो शब्द आवडला. “कित्येक वर्षं नाही. हा दर फेब्रुवारीत माझ्या टपरीत येतो, बादलीवर बसतो आणि गळ्यात पडतो. मी दोनदा नको म्हणतो. तिसऱ्यांदा नको म्हणायला मी काय रानटी आहे? मला वाटायचं, याला माझ्याशिवाय चैन पडत नाही.”

“मला वाटायचं तुला वाईट वाटेल,” आर्लेन म्हणाला.

“मला खांद्यात इंजेक्शन घ्यावं लागतं, आर्लेन.”

“मग सांगायचं ना.”

“मग तू विचारायचं नाही ना.”

दोघंही लाल झाले. मग एफ्राईनची आई हसली. तिला नीट काही कळलं नव्हतं, पण तिच्या पोराला जागा मिळाली एवढं कळलं होतं. तिच्या पाठोपाठ मार्लिस हसली आणि मग सगळं तळघर हसलं. लॉवेलने जाऊन एफ्राईनच्या पाठीवर थाप मारली, उजव्या हातानं, आणि कळवळून तो हात खाली घेतला. जागा एफ्राईनची झाली. लोकांनी उरलेले तामालेस आता उघडपणे वाढून घेतले. वर्षानुवर्षं कोंडलेली वाफ निघाल्यासारखं सगळ्यांना हलकं हलकं वाटत होतं.

सगळ्यांत हलका आर्लेन झाला होता. आता एकच रीत राहिली होती. जेवणाच्या शेवटी मॅनेजरने उभं राहून म्हणायचं असतं की आता माझं वय झालं, दुसरा कोणी बघा. मग लोक नको नको म्हणतात, मॅनेजर दोनदा आढेवेढे घेतो आणि मग सगळे कोट घालून घरी जातात. आर्लेन हे वर्षानुवर्षं म्हणत आला होता. तो उभा राहिला, टेबलावर बोटं टेकवली आणि म्हणाला, “आणि माझं काय, मी पण आता म्हातारा झालो. यंदा दुसरा कोणी मॅनेजर बघा.”

तो थांबला.

कॉफीच्या यंत्रात पाणी गुरगुरलं. लोक एकमेकांकडे बघत होते. कुणाच्याच चेहऱ्यावर राग नव्हता. उलट आज एवढं मोकळं बोलणं चाललंय याचं समाधानच दिसत होतं.

“बरं झालं बोललास,” लॉवेल मनापासून म्हणाला. “मग कोणाला करायचं?”

“मार्लिसला करा,” मागून कुणीतरी म्हणालं. “टीम तर तीच ठरवते.”

“नको बाई,” मार्लिस म्हणाली.

“घे गं.”

“छे, नको.”

“घेच गं, मार्लिस,” लॉवेल म्हणाला.

“बरं,” मार्लिस म्हणाली. आर्लेनकडे तिने बघितलं नाही.

घरी जाताना गाडी तीच चालवत होती. तळ्यावरचा बर्फ कडेनं विरघळायला लागला होता आणि लोकांनी आपापल्या टपऱ्या ओढून किनाऱ्याला आणल्या होत्या. आर्लेन खिडकीतून बघत होता. एफ्राईन नववा डाव टाकणार म्हणजे यंदा टीम राज्याच्या स्पर्धेला जाणार, हे त्याला लख्ख दिसत होतं. टीमची बस दिसत होती. बसमध्ये पुढच्या सीटवर मार्लिस दिसत होती.

“मी काय म्हणतो,” तो म्हणाला, “पोरांच्या पाण्याच्या बाटल्या भरायला कोणीतरी लागेलच ना बरोबर.”

मार्लिसने वळण घेतलं, गाडी सरळ केली.

“बघू,” ती म्हणाली.