रंग जुळवून केलेला चहा

तुम्ही मला कुठलाही रंग दाखवा, मी तो जुळवून देतो. ही फुशारकी नाही. अठरा वर्षं रंगाच्या दुकानात मी हेच करतोय. लोक भिंतीचा टवका आणतात, पडद्याची चिंधी आणतात, एका बाईंनी तर कोटाचं तुटकं बटण आणलं होतं. मी वस्तू उजेडात धरतो, डोळे बारीक करतो आणि पांढऱ्या रंगात थेंब थेंब छटा सोडत जातो. त्या बाईंचं बटण पुढे त्याच रंगाने रंगवलेल्या भिंतीपाशी पडलं, ते त्यांना अजून सापडलेलं नाही.

आता अशा माणसाला घरच्या घरी चहाचा मसाला जमणार नाही, असं कुणी म्हणेल का? बायको म्हणाली. पण ते पुढे.

मसाल्याला निमित्त झाल्या सासूबाई. तीन महिन्यांपूर्वी बायको छत रंगवायला शिडीवर चढली आणि पाय मोडून घेऊन खाली आली. (रंगवाल्याच्या घरचं छत सात वर्षं तसंच का होतं, हा विषय इथे नको.) सासूबाई आठ दिवसांसाठी म्हणून आल्या आणि प्लास्टर निघून बायको घरभर फिरू लागेपर्यंत राहिल्या. स्वयंपाक, कपडे, आमच्या कन्येचा अभ्यास, बायकोला हाताला धरून न्हाणीघरापर्यंत नेणं, सगळं त्यांनी केलं. माझे दोन शर्टसुद्धा माणसात आणले. रोज तीन वेळा त्यांनी आमच्या हातात मसाल्याचा चहा दिला. त्यांच्या हातात आयता कप मात्र तीन महिन्यांत कुणी एकदाही दिला नाही. हे माझ्या लक्षात आलं, तेव्हा त्यांची बॅग भरून झाली होती.

त्यांचे आभार मानायचे होते हो, मनापासून मानायचे होते. पण ऐन वेळी माझी जीभ दगा देते. एकदा संध्याकाळी धीर करून मी स्वयंपाकघरात गेलो. “आई, तुम्ही...” इथपर्यंत गाडी आली. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, “दूध आलंय.” आलं नव्हतं. त्या बिचाऱ्या पातेलं घेऊन दारापर्यंत जाऊन आल्या.

तेव्हा मी ठरवलं, बोलायचं नाही, करून दाखवायचं. रविवारी संध्याकाळी सहाची त्यांची बस होती. दुपारी त्या शेजारच्या शिंपीणबाईंचा निरोप घ्यायला गेल्या की आपण मसाला कुटायचा, अगदी त्यांच्यासारखाच, आणि चार वाजता चहा त्यांच्या हातात. वर बरणीभर मसाला भेट.

बायको म्हणाली, आधी आईला प्रमाण विचार. मी म्हटलं, मग त्यात गंमत काय राहिली? नमुना असताना प्रमाण कशाला? त्यांच्या मसाल्याची बाटली बॅगेत वरच ठेवलेली होती, तळाला दोन बोटं मसाला उरलेला. दुसऱ्याची बाटली न विचारता उघडणं बरं दिसत नाही म्हणून मी ती उघडली नाही. दुसऱ्याच्या बॅगेतून काढणं मात्र त्या दिवशी मला बरं दिसलं. खिडकीशी धरली, डोळे बारीक केले आणि छटा मनात पक्की केली. गडद तपकिरी, किंचित काळसर.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. त्या आठवड्यात आम्हा तिघांना सणसणीत सर्दी झाली होती. घरात चालू नाक एकच होतं, आणि ते शिंपीणबाईंकडे गेलं होतं.

सुंठ, वेलदोडे, दालचिनी, थोडी लवंग, थोडी मिरी, असं मिक्सरमधून काढून पांढऱ्या कागदावर घेतलं. फिकट! नुसती माती. लवंग वाढवली, थोडा रंग चढला. मिरी वाढवली, काळसरपणा आला. या टप्प्यावर चमचाभर चहा करून बायकोला दिला. ती म्हणाली, घसा छान शेकला जातोय. कन्या जवळ आली आणि तिला ओळीने नऊ शिंका आल्या. सर्दी फारच वाढलीय असं म्हणून आम्ही तिला आत पाठवलं. घसा शेकला जातोय म्हणजे वाट बरोबर आहे, हे मी धरून चाललो. रंग अजून एक छटा कमी होता. पुन्हा मूठभर लवंग, पुन्हा मूठभर मिरी, आणि शेवटी जुळला! बाटलीशेजारी कागद धरला तर फरक सांगता येईना. मी बाटली होती तशी बॅगेत ठेवली.

चार वाजता सासूबाई आल्या आणि दारातच थबकल्या. घरात काही सांडलंय का, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, आज तुम्ही उठायचं नाही. मोठ्या कपात चहा दिला. आम्ही तिघं समोर बसून बघत राहिलो.

पहिल्या घोटाला त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं आणि बघता बघता त्यांचे डोळे भरून आले. ते पाहून बायकोचे भरले. कन्या जाऊन आजीच्या गळ्यात पडली. सासूबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्यांनी हात पुढे केला. मी तो दोन्ही हातांत घेतला. हात पाण्याच्या तांब्याकडे चालला होता, हे मला आज कळतंय. कप रिकामा होताच मी उठून दुसरा भरला.

आणि त्यांना बोलता येत नाहीये, हे पाहून मला एकदम कंठ फुटला.

“आई, तीन महिने तुम्ही होतात म्हणून हे घर उभं राहिलं. मी एकदाही बोललो नाही. मला येत नाही बोलता. पण मला सगळं दिसत होतं.”

त्या मान हलवत राहिल्या, रुमालाने डोळे टिपत राहिल्या, आणि दुसरा कप त्यांनी तळापर्यंत प्यायला. बसमध्ये बसवताना मी बरणी त्यांच्या मांडीवर ठेवली. घरी परतताना मी शीळ घालत होतो.

बुधवारी सकाळी माझं नाक उघडलं. घराला कसला तरी जबरदस्त वास येत होता. मी खुशीत दोन कप चहा केला आणि एक घोट घेतला. पुढचा काही वेळ मी नळाखाली होतो. बायकोने जिभेचं टोक तेवढं लावलं आणि कप लांब ठेवला.

“आईने हे दोन कप प्यायले?” ती म्हणाली.

मी सांगितलं, रंग तर तंतोतंत जुळला होता. तिने थोडा विचार केला.

“बाटली कसल्या काचेची होती?”

खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली. तपकिरी काचेची. अठरा वर्षं, आणि मी काचेचा रंग जुळवला होता!

मी लगेच फोन लावला आणि चाचरत सगळं कबूल केलं. सासूबाई पोटभर हसल्या.

“अहो जावईबापू, पहिल्या कपाला मसाल्यानेच पाणी आलं डोळ्यांत. दुसऱ्या कपाला तुम्ही बोलत होतात. मी पाण्याला उठले असते तर तुम्ही पुन्हा बोलला असतात का?”

या वेळी पाणी माझ्या डोळ्यांत आलं, मसाल्याशिवाय. बरणीचं काय केलंत, एवढंच कसंबसं विचारलं. ती त्यांनी लोकरीच्या कपड्यांत ठेवली होती. कसर अजिबात लागणार नाही, फार उपयोगी वस्तू दिलीत, म्हणून उलट त्यांनीच माझे आभार मानले.

म्हणजे आता त्या दुसऱ्या कपाचेही आभार मानायला हवे होते. मी खोल श्वास घेतला.

“आई, तुम्ही...”

“बोला.”

“दूध आलंय.”



“बरं,” सासूबाई म्हणाल्या. “नुसतं तापवा. चहा करू नका.”